अभियांत्रिकीसाठी विद्यापीठाची निवड



बारावीचा निकाल लागला की घरोघर प्रश्न उभा राहतो : अभियांत्रिकीसाठी मुलास मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात घालावे, की लहान खासगी विद्यापीठात?

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे. २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. अशा ठिकाणी शुल्क तुलनेने कमी व माजी विद्यार्थ्यांचा गोतावळा मोठा. परंतु बुजरा मुलगा गर्दीत मागे पडण्याचा संभव असतो. लहान संस्थेत अध्यापक मुलास नावाने ओळखू शकतात, हे खरे. तथापि केवळ लहान म्हणून संस्था चांगली ठरत नाही. नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची मान्यता सबंध संस्थेस नव्हे, तर एकेका अभ्यासक्रमास व ठरावीक मुदतीपुरती मिळते. यास्तव इमारतीच्या थाटास न भुलता, इच्छिलेल्या शाखेची मान्यता चालू आहे काय व प्रयोगशाळेतील यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती पडतात काय, हे समक्ष जाऊन पाहावे.

केवळ प्रतिष्ठेपायी शेत गहाण टाकू नये. थोरल्याच्या शुल्कात धाकटीच्या शिक्षणाचा पैसा जिरला, तर आपण एक दिवा लावून दुसरा मालवला असे होईल. मुलास मानवेल व कुटुंबास झेपेल तेच विद्यापीठ श्रेष्ठ, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.