तालमीतली माती

(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



मारुतीचे देऊळ आणि तालीम यांचा शेजार महाराष्ट्रात जुना आहे. पैलवान हौद्यात उतरण्यापूर्वी मारुतीला हात जोडतो, माती कपाळी लावतो, वस्तादांच्या पाया पडतो. हा नुसता रिवाज आहे, असे कोणी समजू नये.

हौद्याची माती मुद्दाम तयार केलेली असते. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात आणि ती वरचेवर खणतात. नव्या पोराच्या हाती आधी खोरे येते, डाव मागाहून. ज्या मातीवर सर्वांनी पडायचे, ती सर्वांसाठी मऊ करायची, हा तालमीचा पहिला धडा होय.

सलामीच्या वेळी दोघे पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. घामाने निसटणारी पकड मातीने बसते. म्हणजे समोरच्याची पकड आपल्यावर बसू देण्यास दोघेही आधीच राजी होतात. त्यानंतर कुस्ती कितीही जोराची होवो, तिच्यात कपट राहत नाही.

रोजच्या सरावात तर जोडीदार आपले अंगच उसने देत असतो. रागाच्या भरात त्याचा हात मुरगळला, तर उद्या डाव शिकायचा कोणावर? म्हणून वस्ताद पोराच्या दंडाबरोबर त्याची नजरही पाहतो. कमावलेले अंग दुबळ्याच्या पाठीशी उभे राहते, तसेच ते बाजारात दांडगाईही करू शकते. अंग तेच, फरक पडतो तो हेतूने.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण आठवावे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण हारतुऱ्यांत ते ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेली रक्कम प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी दिली. वस्तादांपुढे वाकण्याचा अर्थ त्यांनी असा कृतीने सांगितला.

आता कुस्ती मॅटवर गेली आहे, मुलीही शड्डू ठोकून उतरतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मॅटवर माती नाही, तरी लढतीआधी आणि लढतीनंतर हात मिळवावाच लागतो. हरलेल्याचा हात धरताना जिंकणाऱ्याच्या मनात काय असते, यावरून त्याची तालीम कळते.

देणगीदारांच्या आणि ग्रामस्थांच्या श्रमांतून देवळाचा जीर्णोद्धार झाला. ज्या गावात तालमीला कुलूप लागले असेल, तेथे तेही उघडावे. पहाटे पोरांनी हौदा खणावा, जोडीदाराला माती द्यावी आणि घरी जाताना आपल्या खुराकासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आईबापांची आठवण ठेवावी. बलभीमाची तीच खरी सेवा होईल.