भांगेचें औषध आणि वेष्टणावरील इशारा

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग चालू केला. आज त्या गांवीं मागांची खडखड रात्रींही थांबत नाहीं. अशा ठिकाणीं रात्रपाळीच्या कामगाराचें पोट बिघडलें, तर वैद्याकडे जाऊन बसण्यापेक्षां तयार चूर्णाची बाटली त्यास सोयीची वाटावी, यांत नवल तें काय! जातीफलादि चूर्ण हें अशांपैकींच एक. नांव ऐकून घरांतील जायफळाची आठवण व्हावी. परंतु शास्त्रोक्त पाठांत जायफळापेक्षां भांगच कितीतरी अधिक असते. घटकांच्या यादींत ती पुष्कळदां ‘विजया’ हें भारदस्त नांव धारण करते.

१९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेंत गांजा व चरस आले, नुसतीं पानें मात्र त्या व्याख्येबाहेर राहिलीं. तरी औषधांविषयींच्या १९४५ च्या नियमांत भांगेची गणना विषारी द्रव्यांत केलेली आहे. ती ज्या पोटांत घ्यावयाच्या आयुर्वेदीय औषधांत असेल, त्याच्या वेष्टणावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावें’ अशा अर्थाचा इशारा ठळकपणें छापावा लागतो; पण तो इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत. मराठी वाचणारास हिंदीचीं अक्षरें तरी लागतील. कानडी मुलखांतून आलेल्या, केवळ कानडी वाचणाऱ्या विणकरास तोही आधार नाहीं.

शिवाय भाषेहून मोठी उणीव मजकुराची आहे. देखरेख कशासाठीं, हें त्यांत कोठेंच नाहीं. भांग पोटांत गेली म्हणजे अंमल सावकाश चढतो. गुण येत नाहीं असें वाटून रोगी दुसरा चमचा घेतो, आणि खरा धोका तेथें आहे. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून हीं द्रव्यें कायदेशीर झालीं, तेव्हां तेथील सरकारनें वेष्टणांवर पिवळ्या चौकटींत, इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषांत, स्पष्ट वाक्यें घालावयास लाविलीं. खाल्ल्यावर पूर्ण परिणाम जाणवावयास चार तासांपर्यंत लागूं शकतात, तोंवर आणखी घेऊं नये. घेतल्यावर वाहन वा अवजड यंत्र चालवूं नये, असा त्यांतील कांहींचा आशय. धांवत्या धोट्यापाशीं उभ्या असलेल्या माणसाला याहून उपयोगाचें दुसरें काय सांगावयाचें?

आपला नियम दोन भाषांची सक्ती करितो, तिसरीस आडकाठी करीत नाहीं. ‘यांत भांग आहे. अंमल उशिरां चढतो. दुसरी मात्रा घेऊं नये. घेतल्यावर मागावर उभें राहूं नये.’ एवढा मजकूर लहानशा बाटलीवरही सहज मावतो.