कळसूबाईच्या वाटेवरचे माझे घर
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे लग्न, आणि मग चूल, गुरे नि भाताची आवणी. माझ्या नणंदबाई आपल्या मंडळाच्या सभासद. कोजागिरीनंतरच्या रविवारी मंडळाची सहल कळसूबाईला न्यायची ठरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं घर वाटेवरच आहे. बरोबर काय काय घ्यायचं ते तुम्हीच येऊन सांगा." म्हणून आले. चुकेल ते गोड करून घ्यावे.

कळसूबाई म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. आमचे बारी गाव पायथ्याला. सवय नसेल तर चढायला तीन-साडेतीन तास धरावे. वाटेत कातळाला लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत, आणि अगदी माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ. कळसू ही कामाला राहिलेली पोर. ठरल्यापलीकडचे काम सांगितले म्हणून ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, असे आमच्याकडे सांगतात. मला ती गोष्ट फार आवडते. का ते तुम्हां बायकांना सांगायला नको.

तर वाटेवरचे घर म्हटले की येणाराजाणारा दारात थांबतो. कुणाला पाणी हवे असते, कुणाला काठी. पहिल्याने मी गोठ्यातली काठी दिली. मग शेतात पावसात डोक्यावरून घ्यायची प्लॅस्टिकची खोळ दिली, मग घोंगडी. घरात बॅटरी एकच होती, तीही देऊ लागले. भाडे कधी घेतले नाही. वस्तू बहुतेक परत येतात. काठ्या मात्र लोक वरच टाकून येतात, आणि एक घोंगडी गेली ती गेलीच. ती सासूबाईंची होती, म्हणून अजून आठवते. उलट एक गृहस्थ दिवाळीनंतर मुद्दाम आले आणि नवी कोरी बॅटरी ठेवून गेले. मला आपले वाटे, आपल्या हातून चार लोकांची सोय होते आहे.

२०१९ सालचा श्रावण. दुपारचे चार वाजून गेले होते. कॉलेजची चार मुले आली, तीन मुलगे आणि एक मुलगी. पायात गुळगुळीत तळाचे बूट, अंगात सुती कपडे, पाऊस तर धो धो. मुलगी म्हणत होती, "उशीर झालाय, परत फिरू या." एकाने मला विचारले, "मावशी, बॅटरी मिळेल का?" मी आत जाऊन बॅटरी आणली, वर दोन खोळी आणि एक काठीही दिली. तो मुलगा तिला म्हणाला, "आता आहे ना बॅटरी? चल." ती काही बोलली नाही. गेली त्यांच्याबरोबर.

हे मी माझ्या कानांनी ऐकले, भगिनींनो, आणि तरी त्या वेळी मला बरेच वाटले होते!

नऊ वाजले तरी दारात कुणी नाही. आमचे हे आणि धाकटे भावजी निघाले, तर घरात बॅटरी कुठे होती? शेजारून मागून आणली. शिडीखाली चौघे सापडले. मुलीचा पाय मुरगळून सुजला होता. दोन्ही खोळी मुलांच्या अंगावर, आणि ही ओलीचिंब. रात्री एक वाजता ह्यांनी तिला पाठीवर घेऊन घरी आणले. ओठ काळेनिळे, बोलताना जीभ अडखळत होती. ओले कपडे काढून तिला माझे कोरडे लुगडे नेसवले, दोन घोंगड्यांत गुंडाळले, आणि जरा शुद्धीवर बोलू लागल्यावर गुळाचा चहा घोटघोट पाजला. हातपाय जोराने चोळायचे नाहीत आणि दारू तर मुळीच द्यायची नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. ते म्हणाले, माणूस कुडकुडतो आहे तोवर ठीक. ऊब न मिळता कुडकुडणे थांबले की घाबरायचे.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मी चहा ठेवला. त्या बाई रागावल्या नाहीत. सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही बॅटरी दिली नसती, तर ती परत फिरली असती हो."

मला काही उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

ह्यांनी त्याच दिवशी सांगितले, यापुढे कुणाला काही द्यायचे नाही. महिनाभर मी दिले नाही. मग भाद्रपदात एक जोडपे संध्याकाळी आले. बॅटरी मागितली, मी नाही म्हटले, तर तशीच वर गेली! मी रात्रभर उंबऱ्यात बसून. पहाटे उतरली तेव्हा नवऱ्याचा गुडघा फुटलेला. मोबाइलच्या उजेडात शिडी उतरत होता म्हणे. आता मोबाइल हातात धरला की शिडीला हात एकच उरतो, दातांत धरावा तर दिसत नाही. शिवाय थंडीत नि पावसात त्याचा जीव किती!

तेव्हा आता मी माझ्यापुरते असे ठरवले आहे. सकाळी चढणाऱ्याला हवे ते देते. उतरणाऱ्याला तर न मागताच देते. पावसाळ्यात दुपारनंतर जो वर निघाला, त्याला बॅटरी नाही. ओसरीवर झोपा, भाकरी खा, पहाटे जा, एवढेच सांगते. काही ऐकतात. काही तोंड वाकडे करून पुढे जातात, आणि मग माझी झोप जाते ती जाते. ह्यांना हे अजूनही पटत नाही. ते म्हणतात, तू काय डोंगराची राखणदार आहेस? तेही खरेच.

आता तुमच्या सहलीचे. प्रत्येकीची बॅटरी वेगळी हवी. तिला नाडा बांधून गळ्यात अडकवावी, म्हणजे शिडीला दोन्ही हात मोकळे राहतात. चपला नकोत, खाचांच्या तळाचे बूट हवेत. माथ्यावर वारा फार. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही, लोकर ओली झाली तरी थोडी धरते. तेव्हा स्वेटर पिशवीत गुंडाळून घ्यावा. साडी नेसणारीने काचा मारावा. शिडीवर निऱ्या पायात येतात. दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकीने स्वतःचे घ्यावे. नवरात्रात जत्रेची गर्दी असते, शिड्यांखाली रांग लागते. तुम्ही ते टाळलेत हे फार चांगले केलेत. जिला मध्येच थांबावेसे वाटेल तिला कुणी "चल ग, एवढ्यासाठी काय" म्हणू नये. तिच्याबरोबर एकीने थांबावे.

सकाळी सहाला माझ्या दारातून निघायचे आहे. काठ्या मी देईन, पंधरा-वीस करून ठेवल्या आहेत. परतल्यावर पिठले-भाकरी तयार असेल. मात्र निघण्यापूर्वी मी प्रत्येकीची बॅटरी लावून बघणार आहे आणि बुटांचे तळही बघणार आहे. अध्यक्षबाईंचेसुद्धा. राग मानू नये.