निंबाचे पान आणि पाचटाचा धूर

(वर्षप्रतिपदेच्या निमित्ताने बिद्री येथे योजलेल्या कुटुंब एकत्रीकरणात एका वैद्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज सकाळी आपण सर्वांनी गुढी उभारली, निंबाच्या कोवळ्या पानांची चटणी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडे करून लगेच गुळाचा खडा शोधला. दुपारी बहुतेक घरांत श्रीखंड-पुरी झाली असणार. म्हणजे सकाळी चिमूटभर शास्त्र आणि दुपारी वाटीभर अपवाद! सणाच्या दिवशी तेवढे क्षम्य आहे. परंतु अपवादाचा नियम झाला आणि निंबाचे पान केवळ विधीपुरते उरले, तर ऋषिमुनींनी सणाच्या ताटात घालून दिलेला आरोग्याचा धडा आपण वाचलाच नाही, असे म्हणावे लागेल. तो धडा आज आपण थोडा वाचू या.

चैत्र आणि वैशाख हा वसंत ऋतू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्येचे सविस्तर विवेचन आहे. त्याचे सार असे. हेमंत आणि शिशिर या थंडीच्या ऋतूंत अग्नी प्रदीप्त असतो, भूक चांगली लागते आणि आपण तूप, तीळ, गूळ, दूध, उडीद असे स्निग्ध व जड अन्न भरपूर खातो. त्यामुळे शरीरात कफ साचत जातो. थंडीत तो थिजलेल्या तुपासारखा स्वस्थ बसतो. वसंतातील सूर्य तापू लागला, की तो पातळ होऊन वाहू लागतो आणि जठराग्नी मंद करतो. मग सर्दी, खोकला, घसा धरणे, अंग जड होणे, अन्नावर वासना नसणे, दिवसभर आळस येणे या तक्रारी सुरू होतात. फाल्गुन-चैत्रात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांची रांग पाहिली, की ग्रंथ डोळ्यांपुढे उभा राहतो.

उपाय काय? ग्रंथकारांनी सांगितलेले उपाय आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. जुने धान्य खावे. गहू, जव, मूग यांवर भर द्यावा. जड, थंड, आंबट, गोड आणि तेलकट पदार्थ कमी करावेत. दिवसा झोपू नये. व्यायाम करावा. अंगाला कोरडे उटणे चोळावे. सुंठ घालून उकळलेले किंवा नागरमोथ्याचे पाणी प्यावे. मध थोडा पाण्यातून घ्यावा. यांतील एकही गोष्ट शहरातल्या महागड्या दुकानातून आणावी लागत नाही. घरातील सुंठेचा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि पहाटे उठण्याचा निश्चय एवढे भांडवल पुरते.

व्यायामाविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण आपण कोल्हापूरची माणसे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारून कुस्तीला राजाश्रय दिला. तालमीची माती आपल्या रक्तात आहे. वाग्भट म्हणतो, की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत व वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्याने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली, की थांबावे. किती सुज्ञ मर्यादा आहे पाहा! ज्यांचे पोट सुटले आहे त्यांनी पाडव्याच्या उत्साहात एकदम शंभर जोर मारू नयेत. सूर्यनमस्कार बारा घालावेत, पण रोज घालावेत. आणि पहिलवानाचा खुराक पहिलवानालाच शोभतो. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने कट्ट्यावर जाऊन म्हशीचे धारोष्ण दूध पेलाभर प्यायचे आणि चालत नव्हे, तर मोटारसायकलवरून घरी यायचे, हे वसंतात कफाला निमंत्रण आहे.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. चैत्रात आंबट वर्ज्य, तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे कसे? प्रश्न योग्य आहे. उत्तर आपल्या हवेत आहे. आपल्याकडे चैत्राच्या आरंभी पहाटे गारवा असतो, दुपारी मात्र अंग भाजते. दूधगंगेच्या काठी सकाळी स्वेटर आणि दुपारी छत्री, असे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. नंतर वळीव दोनदा कोसळतो आणि वैशाखात ग्रीष्म उंबऱ्यात येऊन उभा राहतो. म्हणजे एकाच महिन्यात दोन ऋतूंची सरमिसळ. म्हणून वाग्भटाने ऋतुसंधी सांगितली. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात आणि नव्या हळूहळू धराव्यात. एकदम बदल केला तर तोच रोगाला कारण होतो. पहाटे गारवा आहे तोवर वसंताची पथ्ये पाळा, सुंठेचे पाणी घ्या, दही टाळून पातळ ताक घ्या. उन्हाची काहिली सुरू झाली, की कैरीचे पन्हे, आमसुलाचे सार, नाचणीची आंबील यांचा काळ येतो आणि दुपारी थोडी झोपही चालते. आजीला ग्रंथ वाचता येत नव्हता; पण माठ कधी मांडायचा हे तिला पंचांगापेक्षा हवा पाहून कळत असे.

आता थोडे सावधगिरीचे बोलणे भाग आहे. निसर्गोपचार म्हणजे मनाला येईल ते झाडपाल्याचे करणे नव्हे. माझ्या पाहण्यातील एक गृहस्थ मधुमेहाचे रुग्ण होते. कोणीतरी सांगितले म्हणून ते रोज पेलाभर निंबाचा रस पिऊ लागले आणि गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळून रुग्णालयात पोहोचले. बोट गमावल्यावर ते मला म्हणाले, “वैद्यबुवा, चूक निंबाची नव्हती, माझीच होती.” निंबाचे पान चिमूटभर, वर्षारंभी काही दिवस, जिरे, मिरी, ओवा, हिंग, मीठ आणि गुळासह घ्यावे, एवढेच परंपरेने सांगितले आहे. पेलाभर रस परंपरेत नाही. गर्भवतीने तर तो घेऊच नये. निंबाचे तेल लहान बाळाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. वसंतात वमनाचा विधी सांगितला आहे, पण तो जाणकार वैद्याच्या देखरेखीखाली करायचा. घरी मिठाचे पाणी पिऊन करायचा नव्हे.

लसीकरणाविषयीही स्पष्ट बोलतो. पूर्वी याच दिवसांत देवी, गोवर, कांजिण्या गावोगाव फिरत. दाराला निंबाचे डहाळे बांधत, रुग्णाला स्वच्छ जागी वेगळे ठेवत. त्यात शहाणपण होते. परंतु देवीचा रोग गेला तो लसीने. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. त्यामुळे दारी निंबाचा डहाळा असू द्या आणि बाळाला गोवर-रुबेलाची लस वेळेवर टोचून घ्या. यांत विरोध कोठेही नाही.

आपल्या महाराष्ट्रात निसर्गोपचाराची एक मोठी परंपरा वसंतातच सुरू झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचन या खेड्यात गेले आणि तेथे ग्रामीण निसर्गोपचाराचे काम सुरू झाले. शहरातील सधनांसाठी नव्हे, तर खेड्यातील गरिबासाठी हे उपचार असावेत, हा त्यामागचा आग्रह. ऊन, पाणी, माती, साधा आहार आणि रामनाम, एवढीच औषधपेटी. पुढे मणिभाई देसाई यांनी तेथेच आयुष्य वेचले. विशेष हे, की मणिभाई केवळ रुग्णांत अडकले नाहीत. ते शेतीकडे आणि गोपालनाकडे वळले व १९६७ साली त्यांनी बायफ ही संस्था उभी केली. माणसाचे आरोग्य त्याच्या शेतापासून वेगळे काढता येत नाही, हे त्यांच्या कामातून दिसते. मला आज बिद्रीत हाच मुद्दा मांडायचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे या पंचक्रोशीतील एक आजी नातवाला घेऊन येत असत. सहा वर्षांचे पोर. दर वर्षी माघ-फाल्गुनात त्याला खोकला आणि दम लागे. मी वसंतातील कफप्रकोप समजून सितोपलादी देई, पथ्ये सांगे. आठ दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी आजी म्हणाल्या, “अवो, रानात पाला पेटवला की पोराची छाती भरतीया बघा. पाऊस पडला की बरं हुतंय.” मी खजील झालो. ग्रंथ मी वाचला होता, निदान आजींनी केले होते.

दूधगंगा आणि वेदगंगेच्या पाण्याने हा भाग उसाने हिरवागार केला. येथील साखर कारखाना दोन्ही नद्यांचे नाव मिरवतो. ऊस तुटला, की फडात पाचट राहते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते पसरण्याची कटकट नको म्हणून आपण काडी लावतो. संध्याकाळी हवा स्थिर होते आणि धूर गावावर बसतो. नेमका हाच काळ कफ पातळ होण्याचा. आपण घरात सुंठ उकळायची आणि बांधावर पाचट पेटवायचे, याला काय म्हणावे? शास्त्राने वसंतात धूमपान सांगितले आहे खरे; पण ते औषधी द्रव्यांचे, मोजून मापून. साऱ्या गावाला सक्तीने पाजलेला पाचटाचा धूर कोणत्याही संहितेत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी बोलावले. ते प्रथम रागावले. “सगळंच गाव जाळतंय, मी एकट्यानं न जाळून काय हुणार?” असा त्यांचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता. तरी त्यांनी एका एकरात प्रयोग केला. पाचट सरीत दाबले, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, वर पाणी दिले. खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागल्या, तण कमी झाले, जमीन भुसभुशीत झाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी सारे रान तसेच ठेवले आणि शेजारच्या दोघांनीही. मुलगा पूर्ण बरा झाला असे मी सांगणार नाही. त्याला दम्याची प्रवृत्ती आहे आणि छातीच्या डॉक्टरांनी दिलेला फवारा तो घेतो. पण रात्र रात्र बसून काढणे थांबले. उरलेला धूर इतरांच्या रानातून येतो. तो थांबवणे एका बापाच्या हातात नाही; ते आपल्या सर्वांच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट. आपण दुपारी पंख्याखाली पन्हे पितो, तेव्हा हंगाम लांबला असेल तर मराठवाड्यातून आलेले ऊसतोड कामगार फडात असतात. त्यांना दिनचर्या निवडण्याची मुभा नसते. आपल्या पूर्वजांनी वैशाखात पाणपोई घालणे आणि अक्षय तृतीयेला उदकुंभ देणे हे पुण्य मानले, ते उगाच नव्हे. ज्याच्या शेतात तोड आहे, त्याने सावली, थंड पाणी आणि मीठ घातलेले ताक पोहोचवावे, दुपारची सुट्टी द्यावी. कोणाला ऊन लागून भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून निघाले, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. येथे घरगुती उपायात वेळ घालवणे जिवावर बेतते.

माझे बोलणे आवरतो. या नववर्षाला तीन संकल्प करू या. पहिला, महिनाभर सूर्योदयापूर्वी उठून घरातील सर्वांनी मिळून सूर्यनमस्कार घालायचे आणि रात्रीचे जेवण हलके व लवकर घ्यायचे. दुसरा, आपल्या रानातील पाचटाला काडी लावायची नाही आणि शेजाऱ्याला हात जोडून विनंती करायची. गरज पडल्यास त्याचे पाचट पसरायला स्वतः जायचे. तिसरा, आपल्या वाटेवर एक पाणपोई असेल आणि तिचा रांजण रोज घासला जाईल, हे पाहायचे.

पुढच्या पाडव्याला मी पुन्हा येईन. तेव्हा कोणी किती निंब खाल्ला हे विचारणार नाही. किती एकर पाचट जळाले नाही, एवढेच विचारीन.

नववर्ष आपणा सर्वांस आरोग्याचे जावो. नमस्कार.