नोकरीचे आमिष : ओळख आणि दक्षता



इंदूर हे माळव्यातील शिक्षणाचे व व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय याच शहरात आहे. साहजिकच खरगोन, धार, बडवानी, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतील अनेक तरुण नोकरीच्या आशेने येथे येतात. होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही त्यांत असतात. पूर्वी नोकरीची वार्ता वृत्तपत्रातून किंवा सेवायोजन कार्यालयाच्या फलकावरून कळे. आज ती मोबाईलवर येते, आणि त्याच वाटेने ठकही घरात शिरतो.

त्याची रीत ठरलेली असते. प्रथम घरबसल्या भरघोस वेतनाचा संदेश येतो. प्रत्यक्ष भेट न घेता, केवळ लेखी प्रश्नोत्तरांवर निवड होते. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असलेले नियुक्तिपत्रही तत्काळ मिळते. त्यानंतर नोंदणी शुल्क, मग अनामत, मग प्रशिक्षणाचा खर्च अशा मागण्या सुरू होतात, आणि प्रत्येक रक्कम परत मिळेल असे आश्वासन दिले जाते. दुसऱ्या प्रकारात किरकोळ कामासाठी आरंभी शे-दोनशे रुपये खरोखरच दिले जातात. विश्वास बसला की अधिक लाभासाठी मोठी रक्कम भरावयास सांगतात. तिसऱ्या प्रकारात टंकलेखनाच्या कामाचा करार करवून घेतात व पुढे चुका काढून न्यायालयाच्या नावाने दंडाची बनावट नोटीस धाडतात.

या सर्वांची खूण एकच आहे. वेतन मालकाकडून नोकराकडे जाते. जेथे कामावर रुजू होण्यापूर्वीच पैशाचा प्रवाह उलटा वाहू लागतो, तेथे नोकरी नसून सापळा असतो. सरकारी परीक्षेचे शुल्क अधिकृत जाहिरातीत नमूद असते. ते कोणा व्यक्तीच्या खात्यात भरावयाचे नसते. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीच द्यावा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक संदेशातून न घेता स्वतंत्रपणे शोधून चौकशी करावी.

याहून गंभीर दोन धोके आहेत. कमिशनच्या लोभाने स्वतःचे बँक खाते दुसऱ्यास वापरू देणारा तरुण फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी ठरू शकतो. तसेच परदेशी नोकरीच्या भुलीने गेलेल्या अनेकांना म्यानमारमध्ये डांबून, त्यांच्याकडूनच इतरांना फसविण्याचे काम करवून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. म्हणून परदेशी जाण्यापूर्वी दलालाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळावी. पर्यटक व्हिसावर नोकरीस नेणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

फसवणूक झालीच तर विलंब करू नये. पैसे काही तासांतच अनेक खात्यांतून फिरून काढून घेतले जातात. ते खात्यात असेपर्यंतच गोठविता येतात. तत्काळ १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा, बँकेस कळवावे व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. संदेश, पावत्या व क्रमांक पुसून टाकू नयेत.

बहुतेक ठिकाणी हा मोलाचा वेळ लज्जेपायी वाया जातो. आईचे दागिने गहाण टाकून पैसे भरलेला मुलगा घरी तोंड उघडत नाही, आणि ठकाला तेवढाच अवधी हवा असतो. अशा मुलाला दोष देण्याआधी धीर द्यावा. शिक्षकांनी वर्गात व ग्रामपंचायतीने ग्रामसभेत हा विषय मांडावा, तर अधिकाऱ्यांनी आलेल्या तक्रारदाराचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे. फसलेला माणूस निःसंकोचपणे बोलू लागला, तर त्याच्या गावातील पुढचे घर सावध होईल.