आलमारी कोणाची?

दरमहा ठरलेली रक्कम भरून पलंग, सोफा, आलमारी घरी आणायची आणि गाव सोडताना परत करायची, ही पद्धत फर्लेन्को, रेंटोमोजो अशा बंगळुरूच्या कंपन्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या शहरांत रुजवली. नागपूरजवळच्या कामठीला तिचे फारसे नवल वाटायला नको. कन्हानच्या काठी १८२१ मध्ये छावणी वसली, तेव्हापासून या गावाला बदलीच्या माणसांची सवय आहे. इंग्रजी अमदानीत छावण्यांतले अधिकारी ठेकेदारांकडून खुर्च्या-टेबले भाड्याने घेत. आज इथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, आणि लष्करी निवासस्थानांत फर्निचर पुरवण्याचे काम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस हे खाते करते. लग्नकार्याला खुर्च्या, गाद्या, भांडी बिछायत केंद्रातून आणणे तर विदर्भात घरोघरचेच. तेव्हा किरायाने घ्यावे की नाही हा वाद जुनाच आहे. खरा प्रश्न आहे तो किती महिन्यांसाठी घ्यावे हा.

एक हिशेब मांडून बघू. समजा, पलंग, आलमारी, टेबल-खुर्ची मिळून तीस हजारांचे सामान आहे आणि त्याचे मासिक भाडे दीड हजार. विकत घेणाऱ्याने जाताना ते दहा हजारांना विकले, तर त्याला खरा खर्च वीस हजार पडला. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू याच सामानाचे साडेसोळा हजार भरतो, म्हणजे त्याचे साडेतीन हजार वाचतात, शिवाय गिऱ्हाईक शोधण्याची कटकटही टळते. पण तोच माणूस तीन वर्षे राहिला, तर भाड्यापोटी चोपन्न हजार जातात. म्हणजे तेरा-चौदा महिन्यांच्या आत भाडे परवडते, त्यापुढे ते अंगावर येऊ लागते. आकडे बदलले की ही सीमा मागेपुढे सरकेल, पण सीमा असतेच, आणि जाहिरातीत नेमकी तीच सापडत नाही.

भाडे इतके चढे का, याचे उत्तर ट्रकमध्ये आणि गोदामात आहे. प्रत्येक गिऱ्हाइकामागे सामान उतरवायचे, चढवायचे, ओरखडे बुजवायचे, पॉलिश करायचे, पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत सांभाळायचे. हा सगळा खर्च शेवटी मासिक भाड्यातच निघतो. छावणीच्या रीतीत यातले बरेच टळते. तिथे माणूस बदलतो, टेबल सहसा जागेवरच राहते. घर ताब्यात घेताना आणि सोडताना यादीवरून वस्तू मोजून घेतल्या जातात, तुटफूट झाली तर वसुली होते. म्हणून माझे म्हणणे असे की कामठीसारख्या गावात फर्निचर कंपनीचे नको, भाडेकरूचेही नको; ते घराचेच असावे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत किंवा कोळसा खाणींत बदलून येणाऱ्यांना खोली देणाऱ्या घरमालकाने आलमारी, पलंग आणि टेबल घालून थोडे जास्त भाडे घ्यावे. वस्तू दहा वर्षे जागची हलणार नसेल, तर महिन्याकाठी तिचा भार किरकोळच पडतो.

घरमालक म्हणतील, भाडेकरू मोडतोड करतो. करतो ना! पण महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यालाच वस्तूंची यादी, प्रत्येकीची अवस्था आणि अनामत रकमेतून किती कापायचे ते जोडून टाकावे. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: जन्मभर भाडे भरायचे आणि मालकीचे काहीच उरायचे नाही? सागवानाबाबत तो खरा आहे. आलापल्लीच्या सागाचा दिवाण नातवंडांपर्यंत टिकतो. ज्याचे बस्तान इथेच आहे त्याने तो बेलाशक करवून घ्यावा. भुशाच्या दाबलेल्या फळीची आलमारी मात्र दोन बदल्यांत बिजागऱ्यांतून निखळते, तिच्या मालकीचा अभिमान कशाला? उरली ढेकणांची भीती. ती मुळीच खोटी नाही, आणि यादी कितीही चोख असली तरी ढेकूण तिच्यात नोंदवता येत नाहीत. म्हणून लोखंडी पलंग घराचा असला तरी चालेल, गादी मात्र ज्याची त्याने आणावी आणि जाताना आपल्यासोबत न्यावी.