निळ्या ढालीवरचा सोनेरी पट्टा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इंग्लंडातील एका परगण्याच्या घराण्यांची कुलचिन्हे हा विषय मी सुचविला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सव आणि साहेबाच्या ढाली, यांचा मेळ कसा बसावयाचा, हा प्रश्न त्यांनी सौजन्याने विचारला नाही. त्या सौजन्याचा फायदा घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

माझ्या या छंदाचे मूळ एका चमच्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी येथल्या जुन्या बाजारात पितळी भांड्यांच्या ढिगात मला चांदीचा मुलामा दिलेला एक चमचा मिळाला. त्याच्या दांड्याच्या टोकावर गव्हाची एक पेंढी कोरलेली होती. दुकानदार म्हणाला, कोणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावातला आहे. पेंढी कोणाची, हे शोधता शोधता मी चेशर परगण्यात जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

चेशर हा इंग्लंडच्या वायव्येचा, वेल्सच्या सीमेला लागून असलेला परगणा. चेस्टर हे त्याचे मुख्य शहर. सरहद्दीवरचा मुलूख म्हणून तेथील अर्लांना जवळजवळ राजासारखे अधिकार असत. तेराव्या शतकाच्या प्रारंभी रॅनल्फ नावाचा अर्ल होऊन गेला. त्याच्या निळ्या ढालीवर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या होत्या. अर्लांचा वंश संपला, पण पेंढी परगण्यात उरली. अनेक स्थानिक घराण्यांनी ती आपापल्या ढालीवर घेतली. चम्ली घराण्याच्या तांबड्या ढालीवर वर दोन रुपेरी शिरस्त्राणे आणि खाली सोनेरी पेंढी आहे. (हे नाव इंग्रजीत लिहावयाचे तर अक्षरे लागतात बारा, उच्चारावयाचे मात्र 'चम्ली'. मॅनरिंग आणि ग्रोव्हनर यांचीही तीच कथा. आपल्या आडनावांच्या उच्चारावरून आपले शेजारी घोटाळतात, तेव्हा हे स्मरावे.)

कुलचिन्ह ही मुळात हौस नव्हती, गरज होती. चिलखत आणि बंद शिरस्त्राण घातलेला सरदार रणात ओळखावयाचा कसा? ढालीवरून. म्हणून नियमही डोळ्यांच्या सोयीचे: सोने आणि चांदी हे दोन धातू, बाकीचे रंग, रंगावर रंग चढवू नये, धातूवर धातू ठेवू नये. निळ्यावर सोनेरी लांबून दिसते, निळ्यावर काळे दिसत नाही. या शास्त्रात निळ्या रंगाला जो शब्द आहे, तो फारसी लाजवर्दावरून अरबी आणि फ्रेंच वाटेने इंग्लंडात गेला, हे कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला.

शेजारची घराणी एकमेकांपासून किती थोडक्यात वेगळी होत, हे चेशरमध्ये छान दिसते. निळ्या ढालीवर दोन आडवे रुपेरी पट्टे म्हणजे व्हेनेबल्स. रुपेरी ढालीवर दोन तांबडे पट्टे म्हणजे मॅनरिंग. तेच पट्टे काळे झाले की ब्रेरटन. डॅव्हनपोर्ट घराण्याकडे मॅकल्सफील्डच्या रानाची वंशपरंपरागत फौजदारी होती. त्यांच्या शिरस्त्राणावरचे चिन्ह काय, तर गळ्यात फास अडकविलेले गुन्हेगाराचे मस्तक! वतनाची सनद दारावर टांगण्याचा इतका रोखठोक प्रकार मी अन्यत्र पाहिला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्लंडात पर्यटकांना त्यांच्या आडनावाची 'ढाल' विकणारी दुकाने असतात. तो निव्वळ व्यापार आहे. ढाल आडनावाला मिळत नसते. ती एका विशिष्ट पुरुषाला आणि त्याच्या वंशजांना असते. आपल्या मंडळातले सगळे जोशी एका घरचे नाहीत, तसेच हे. ढालींची तपासणी करावयास हेरल्ड म्हणजे राजाचे कुलचिन्ह-अधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरत. चेशरमध्ये अशा फेऱ्या सोळाव्या आणि सतराव्या शतकांत झाल्या. ज्याला हक्क शाबीत करता येत नसे, त्याच्या नावाची जाहीर वाच्यता होई. १६६३-६४ मध्ये विल्यम डगडेल आला, तेव्हा चेस्टरमध्ये रँडल होम नावाचा चितारी अधिकाराविना लोकांच्या अंत्यविधीसाठी कुलचिन्हे रंगवीत असे. डगडेलने पुढे त्याच्यावर फिर्याद केली आणि ती जिंकलीही. पण होम हा चिवट गृहस्थ. त्याने १६८८ मध्ये कुलचिन्हांवर एक प्रचंड ग्रंथ छापला. ढालीवर कोणतीही वस्तू येऊ शकते, या सबबीखाली त्याने सुतार, गवंडी, चांभार, मुद्रक अशा सर्वांची हत्यारे नावांनिशी त्यात भरली. आज त्या काळच्या कारागिरांच्या शब्दांसाठी अभ्यासक त्याच्याकडे जातात. फिर्याद जिंकणाऱ्यापेक्षा हरणारा मला अधिक जवळचा वाटतो, हे कबूल करतो.

परंतु मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे ते एका खटल्याविषयी. १३८५ साली राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या सैन्यात यॉर्कशरचा सर रिचर्ड स्क्रूप होता आणि चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनरही होता. दोघांच्याही ढाली निळ्या आणि दोहोंवर एकच तिरपा सोनेरी पट्टा! हा पट्टा धारण करणाऱ्याच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे जातो. जानवे अपसव्य करावे तसा. दोघेही चोर नव्हते. दोन दूरच्या परगण्यांत दोन घराणी तेच चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या लावीत होती आणि एकमेकांची त्यांना वार्ताही नव्हती.

स्क्रूपने दावा लावला. सरदारांच्या न्यायालयात तो सुमारे पाच वर्षे चालला, शेकडो साक्षी झाल्या. आणि पुरावा कसला? कागद थोडे, माणसांची आठवण फार. अमुक चर्चच्या खिडकीत मी ती ढाल पाहिली, अमुक लढाईत त्या निशाणाखाली माझे वडील उभे होते, असे म्हातारे सरदार आणि मठातले साधू शपथेवर सांगत. ग्रोव्हनरच्या बाजूने वेल्सचा ओवेन ग्लेंडोवर बोलला. त्याने पुढे इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केले. स्क्रूपच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत जेफ्री चॉसर होता, इंग्रजी काव्याचा आद्य पुरुष.

चॉसरची साक्ष १३८६ च्या ऑक्टोबरात वेस्टमिन्स्टरला झाली. फ्रान्सच्या स्वारीत रेतेलजवळ स्क्रूप घराण्याला ही ढाल वापरताना आपण पाहिले, असे त्याने सांगितले. त्याच स्वारीत तो स्वतः शत्रूच्या हाती सापडला होता. ग्रोव्हनरचे नाव कधी ऐकले होते काय, असे विचारताच त्याने एक हकीकत सांगितली. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जात असता एका घराबाहेर तीच ढाल टांगलेली त्याला दिसली. स्क्रूपची ढाल येथे कोणी लावली, असे त्याने विचारले. उत्तर आले, ती स्क्रूपची नव्हे. चेशरच्या सर रॉबर्ट ग्रोव्हनर नावाच्या सरदाराची आहे. आणि ते नाव आपण त्या दिवशी प्रथमच ऐकले, असे चॉसर म्हणाला.

हे वाक्य मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आपल्या गावी ग्रोव्हनरला कोण ओळखत नव्हते? विजयी विल्यमच्या बरोबर आपला पूर्वज आला, असे त्याचे घराणे सांगे. पण त्याचे साक्षीदार बहुतांशी चेशर आणि लँकाशरकडचे. परमुलखात त्याची ढाल पाहणाऱ्याने ती दुसऱ्याचीच समजावी! पन्नास वर्षांपूर्वी या शहरात आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना, आपण कोण आणि कोठले, हे किती वेळा सांगावे लागले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१३८९ मध्ये न्यायालयाने पट्टा स्क्रूपला दिला. ग्रोव्हनरने भोवती रुपेरी किनार लावून तो वापरावा, अशी मुभा ठेवली. प्रकरण राजाकडे गेले. १३९० मध्ये राजाने निर्णय दिला की, अशी किनार चुलतभावाला शोभते, परक्याला नव्हे. म्हणजे पट्टा मुळीच वापरावयाचा नाही. गमतीची गोष्ट अशी की, कॉर्नवॉलच्या कार्मिनो नावाच्या घराण्याचेही तेच चिन्ह होते, आणि त्यांचा स्क्रूपशी तंटा फ्रान्सच्या स्वारीतच मिटला होता. आमची ढाल आर्थर राजाच्या काळापासूनची, असे कार्मिनोचे म्हणणे. दोघांनाही ती ठेवू देण्यात आली. पुराणपुरुषाच्या काळाचा हवाला दिला की उलटतपासणी कोण घेणार?

ग्रोव्हनरने मग काय केले? त्याने निळी ढाल तशीच ठेवली आणि तिच्यावर एक सोनेरी पेंढी घेतली: चेस्टरच्या अर्लांची, आपल्या परगण्याची.

आपल्याकडेही एकदा अशा ढाली आल्या. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली गेली. त्यांवरची कुलचिन्हे बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने रचली होती. शिंदे, होळकर, गायकवाड यांनाही ती मिळाली. ज्यांच्या पूर्वजांच्या जरीपटक्याला कधी साक्षीदार लागला नव्हता, त्यांना! कलाकुसर उत्तम होती, असे म्हणतात. त्यांच्यासाठी चर्चच्या खिडकीची आठवण सांगणारा म्हातारा मात्र कोठून आणावा?

ग्रोव्हनर घराणे पुढे फार वाढले. १६७७ च्या एका विवाहात लंडनलगतची जमीन त्यांच्याकडे आली, आणि तीवर मेफेअर व बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्या उभ्या राहिल्या. १८७४ मध्ये घराण्याचा प्रमुख वेस्टमिन्स्टरचा ड्यूक झाला. या ड्यूकच्या एका घोड्याने १८८० ची डर्बी शर्यत जिंकली. घोड्याचे नाव होते 'बेंड ऑर', म्हणजे कुलचिन्हांच्या भाषेत सोनेरी तिरपा पट्टा. आणि आदल्या वर्षी जन्मलेल्या त्याच्या नातवाला, जो पुढे दुसरा ड्यूक झाला आणि १९५३ मध्ये वारला, घरची माणसे आणि मित्र जन्मभर 'बेंडॉर' म्हणूनच हाक मारीत. राजाने पट्टा काढून घेतला त्याला तेव्हा जवळजवळ पाचशे वर्षे होत आली होती.

माझ्या चमच्यावरची पेंढी ग्रोव्हनरची की अन्य कोणाची, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. पेंढी पुष्कळांची आहे. चमचा आज सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा; मुलांनी जपून हाताळावा, मुलामा फार उडाला आहे.